भरलेल्या दाढेला पुन्हा कीड: जंतुनाशक मटेरियलसाठी जास्त पैसे द्यावे का?

ताई, बाबांची खालची दाढ दोन वर्षांपूर्वी कंपोझिटनं (दाताच्या रंगाच्या मसाल्यानं) भरली होती. आता तिच्याच कडेला, दोन दातांमधे हिरडीलगत कीड निघालीय. डॉक्टर म्हणतात जंतुनाशक मटेरियल वापरू, पण खर्च वाढेल. घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बरीच वर्षं दात भरतोय, म्हणून स्पष्टच सांगतो: आधी कडेचं बघा, मटेरियलचं नंतर.

कीड भरलेल्या मसाल्याला लागत नाही, मसाला आणि दात यांच्या सांध्यावर दाताला लागते. कंपोझिट लाईटनं कडक होताना साधारण दोन-तीन टक्के आकसतं. हिरडीखालच्या कडेला बहुतेक वेळा इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक कवच, नसतं, त्यामुळे पकड कच्ची राहते. त्यात भरताना लाळ किंवा रक्त लागलं की संपलंच. गोड खाल्लं की जंतू आम्ल तयार करतात; तोंडातला पीएच (आम्लता मोजायचा आकडा, कमी म्हणजे आम्ल जास्त) ५.५च्या आसपास उतरला की इनॅमल विरघळू लागतं. मुळाचा भाग त्याआधीच सुटायला लागतो. कापूस वेचणीच्या दिवसांत धुऱ्यावर सात-आठदा गोड चहा होतो, तो दर वेळी तेच घडवतो.

आता जंतुनाशक मटेरियल. त्याचे ढोबळ दोन प्रकार. एकातून औषध झिरपतं, म्हणजे क्लोरहेक्सिडिन किंवा चांदी. ते चांगलं काम करतं, पण साठा संपला की संपला. दुसऱ्यात जंतू मारणारा रेणूच मसाल्यात बांधलेला असतो. एमडीपीबी हा त्यातला ओळखीचा, जपानमध्ये १९९०च्या दशकात तयार झालेला. तो झिरपत नाही, पण जंतू त्याला टेकला तरच मरतो. आणि तोंडात लवकरच त्यावर लाळेची साय आणि मेलेल्या जंतूंचा थर बसतो. प्रयोगशाळेतले आकडे छान दिसतात. माणसांच्या तोंडात वर्षानुवर्षं काय होतं याचे पुरावे मात्र थोडेच.

तुमच्या जागेसाठी, म्हणजे हिरडीलगत, कोरडं ठेवायला अवघड असेल तर मी ग्लास आयोनोमर हे दात भरायचं सिमेंटच घेतो. जुनं, स्वस्त, चुन्यासारखं दिसतं म्हणून पेशंट नाक मुरडतात. पण ते दाताला रासायनिक चिकटतं, फ्लोराईड सोडतं, आणि फ्लोराईडच्या पेस्टनं पुन्हा थोडं भरूनही घेतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते २०२१पासून आहे. चावण्याच्या वरच्या भागात मात्र लवकर झिजतं, म्हणून खाली ते आणि वर कंपोझिट, असं दोन थरांत भरता येतं.

बाबा म्हणतात, "आपल्या पाण्यातच फ्लोराईड हाय, पेस्ट कायले पायजे?" हे मला रोज ऐकावं लागतं! पाण्यातलं फ्लोराईड पोटात जातं, जास्त झालं की हाडांना बाधतं. दातांवरचे डाग लहानपणी, दात बनताना पडतात. पेस्टमधलं फ्लोराईड वरून लागतं आणि थुंकून टाकायचं असतं. मोठ्या माणसानं १००० ते १५०० पीपीएम फ्लोराईडची (पाकिटावर लिहिलेलं असतं) पेस्ट रात्री झोपताना लावावी, थुंकावं, पाण्यानं खळखळून चूळ भरू नये. दोन दातांमधे छोटा ब्रश फिरवावा, कारण कीड तिथंच निघालीय. मंजन आणि गुल (तंबाखूची पूड) सोडावेच लागतील.

आणि खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण. तुम्ही लिहिलं नाही, पण आपल्याकडं विचारावंच लागतं. सुपारी चावून मसाल्याच्या कडा तुटतात, हिरडी खाली सरकून मूळ उघडं पडतं. दिवसाला तीन-चार पुड्या चालू असतील तर कुठलंही मटेरियल टिकणार नाही.

डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: एक्स-रेमध्ये कीड किती खोल दिसते, आणि पूर्ण भरण न काढता फक्त तेवढीच कड दुरुस्त होईल का? कडेचा नुसता काळा डाग म्हणजे कीड असेलच असं नाही. खोल नसेल तर दुरुस्ती पुरते, निरोगी दातही वाचतो. नसेच्या जवळ गेली असेल, तर मटेरियलची चर्चाच वेगळी, आधी नसेचं बघावं लागेल. एक्स-रेचा फोटो टाकलात तर बघून सांगतो.