सकाळ कोणाची?

‘ताई, मी ३६ वर्षांची. माहेर लालबागचं, सासर मुलुंडचं. सासरी सगळे व्यायामवाले. सत्तरीतले सासरे रोज सूर्यनमस्कार घालतात, नवरा पहाटे पाचला पळायला जातो, जानेवारीत मॅरेथॉन धावतो. तो पळून येईपर्यंत माझे तीन डबे भरून होतात. माझा व्यायाम म्हणजे सीएसएमटी ते बॅलार्ड इस्टेट, पंधरा मिनिटं झपाझप, जाताना आणि येताना. घरी मला हसत हसत “आळशी” म्हणतात, पण मनाला लागतं. माझ्या आईने जन्मात व्यायाम केला नाही, तरी ती ठणठणीत आहे. मग चुकतंय कोण?’

तो शब्द आधी खोडून टाकू. तू आळशी नाहीस गं. रोजची तीस मिनिटं, आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे दीडशे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम सांगितले आहेत. मध्यम म्हणजे बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही इतपत धाप लागणं. पूर्वी ‘सलग दहा मिनिटं तरी’ अशी अट होती, तीही तेव्हा काढून टाकली. त्यामुळे स्टेशनचे जिनेसुद्धा जमेस धर.

तुझ्या आईने व्यायाम केला नाही, हे मात्र मला पटत नाही. माझी आई गिरगावात चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर राहायची. नळ खाली. पहाटे कमरेवर कळशी, हातात बादली, अशा सहा-सात खेपा. कळशी टेकून टेकून तिच्या लुगड्याचा तेवढाच भाग विरलेला असायचा. तिने त्याला व्यायाम म्हटलं नाही, पण अंग ते काम मोजत होतं. तुझ्या-माझ्या घरात नळ आहे, लिफ्ट आहे, वॉशिंग मशीन आहे. आईचा दाखला आपल्याला लागू पडत नाही.

म्हणून सासरच्यांचं एक म्हणणं खरं आहे. चालण्याने दम वाढतो, हातापायांत ताकद पुरेशी येत नाही. तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होत जातात आणि पाळी गेल्यावर बायकांची हाडं झपाट्याने ठिसूळ होऊ लागतात. आरोग्य संघटनेच्या त्याच सूचनांत आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचे व्यायाम आहेत. बैठका, भिंतीला हात टेकून दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. पैसे लागत नाहीत, वेळ मात्र लागतो.

आणि तुझं खरं दुखणं तिथेच आहे. ‘तो पळून येईपर्यंत माझे तीन डबे भरून होतात’ हे वाक्य तू जाता जाता लिहिलंस, मी तिथेच थांबले. त्याची पहाट मोकळी आहे, कारण तुझी ओट्याशी बांधलेली आहे. हे त्याच्या लक्षात आलं नसेल. वाईट माणूस म्हणून नव्हे. ज्या घरात तो वाढला तिथे डबे आपोआपच भरले जात असावेत.

त्याच्याशी व्यायामावर वाद घालू नकोस. रविवारी निवांत असताना सरळ सांग, ‘मंगळवारी आणि शुक्रवारी डबे तुझ्याकडे. ती पाऊण तास सकाळ माझी.’ कणीक रात्री मळून ठेवा, भाजी चिरून ठेवा, हवं तर सासऱ्यांना विचार बैठका नीट कशा घालायच्या. त्यांना आवडेल ते.

पहिल्या मंगळवारी भाजीत मीठ जास्त पडेल, पोळ्या जाड होतील. तू मदतीला धावू नकोस. दार ओढून घे आणि गच्चीवर जा.