त्रिनिदादचा मँगो चाऊ घरी कसा करायचा? आपल्या तिखटमीठ लावलेल्या कैरीपेक्षा तो वेगळा असतो का?

हो, बराच वेगळा असतो, आणि पुण्यात बसूनही छान जमतो. मी तो त्रिनिदादच्या एका मैत्रिणीकडून शिकले. आपण कैरीला तिखटमीठ लावतो, ते लोक त्यात कच्चा लसूण, एक उग्र वासाचा पाला आणि लिंबू घालून फळ मुरवतात. मारॅकसच्या समुद्रकिनाऱ्याकडे जाणाऱ्या घाटरस्त्यावर विक्रेते आंब्याचा, अननसाचा, काकडीचा चाऊ पिशव्यांत भरून विकतात.

फळ गाभुळलेलं हवं. साल हिरवी, आत पिवळसर छटा, पण दाबलं तर दबता कामा नये. तोतापुरी सगळ्यात सोयीची, कारण तिचा आंबटपणा बेताचा असतो. हापूसची कैरी घेतलीत तर लिंबू जवळजवळ वगळा. पिकलेल्या आंब्याचा मात्र लगदा होतो, तो नकोच. तिकडे कैरी कोवळी असली तर कोयीसकटच तुकडे करतात आणि शेवटी कोय चोखत बसतात. तो भाग मला फार आवडतो.

तो पाला म्हणजे चॅडन बेनी. लांबट पान, करवतीसारख्या दातेरी कडा, वास कोथिंबिरीचा पण कितीतरी उग्र. मणिपूर, मिझोरमच्या स्वयंपाकात तो रोजचा आहे, आपल्या मंडईत सहसा दिसत नाही. मिळाला तर चार-पाच पानं पुरतात. नाही मिळाला तर कोथिंबीर भरपूर घ्या, आणि काड्यांसकट घ्या, कारण खरा वास काड्यांत असतो. पुदिना घालू नका, चव भलतीकडेच जाते.

आता लसूण. फळाला कच्चा लसूण म्हटलं की आपल्याकडे कपाळाला आठ्या पडतात, आणि बरेच जण तो गुपचूप गाळतात. कृपा करून गाळू नका. अर्धा किलो कैरीला तीन-चार पाकळ्या खलबत्त्यात घाला, वर चमचाभर मीठ आणि अर्ध्या लिंबाचा रस घालून मगच ठेचा. आंबट रसात ठेचला गेला की लसणाचा झणका उतरतो आणि वास तेवढा राहतो. मिक्सरमध्ये मात्र सगळ्याची पातळ चटणी होते, ती फळाला धरत नाही.

मिरची तिकडे स्कॉच बॉनेट किंवा तिच्याच कुळातली असते. तिखटाइतकाच तिला फळासारखा वास असतो. आपली लवंगी तिखटाला पुरेल, पण तो वास देणार नाही. भूत जोलकिया मिळाली तर ती नात्याने जवळची, मात्र नखभर तुकडाच घ्या. चिरताना बोटांना तेल लावा, नंतर साबणाने हात धुवा आणि डोळ्यांना हात लावू नका. तोंड पोळलंच तर पाणी पिऊन काही होत नाही, दूध किंवा दही घ्या.

कैरीच्या जाडसर फोडींना तो ठेचलेला लसूण, बारीक चिरलेली मिरची, पाला आणि थोडी मिरपूड चोळा आणि झाकून किमान अर्धा तास ठेवा. मिठाने फळाला पाणी सुटतं, तेच पाणी मसाला घेऊन फोडींत परत मुरतं. म्हणून केल्या केल्या चाखून मीठ वाढवू नका. गारेगार हवा असेल तर फ्रिजमध्येच मुरू द्या. चाट मसाला, जिरेपूड, काळं मीठ यातलं काही नको. त्रिनिदादमध्ये 1845 पासून गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेले मजूर गेले, बहुतेक बिहार आणि उत्तर प्रदेशातले, आणि आपल्या लोणच्याच्या जवळचा कैरीचा कुचेला तिथे आजही घरोघरी होतो. पण त्यात मोहरीचं तेल आणि मसाला असतो. चाऊ ताजाच राहू द्यावा.

कैरीचे दिवस नसतील तेव्हा अननस घ्या, किंचित कच्चा असला तर उत्तम. त्याला लिंबू कमी आणि मिरची थोडी जास्त लागते. काकडीचा करायचा असेल तर अगदी खायच्या आधी कालवा, तिला फार पाणी सुटतं. भांड्यात उरलेला आंबटतिखट रस टाकू नका, दुसऱ्या दिवशी तो तळलेल्या माशावर घाला.