एम.एस्सी. फिजिक्सनंतर विज्ञान शिक्षणात पीएचडी करून करिअर होतं का? बी.एड. लागतं का? घरचे म्हणतात, मास्तरच व्हायचं होतं तर एम.एस्सी. कशाला केलं

बी.एड. लागत नाही. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, १९७४ पासून, टीआयएफआरचंच (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं), तिथं पीएचडीला तुमची एम.एस्सी. चालते, फेलोशिपही मिळते.

पण ते 'मास्तर' वाचलं आणि राहवलं नाही. मला हे माझ्याच एका प्राध्यापकांनी स्टाफरूममध्ये चारचौघांत ऐकवलेलं, "फिजिक्स झेपत नाही ते असलं काहीतरी करतात." पुढे पीएचडीच्या कामासाठी त्यांच्याच एफवायच्या वर्गाला मी एक प्रश्न दिला. चेंडू सरळ वर फेकलाय, हातातून सुटलाय, अजून वर चाललाय, हवेचा विरोध सोडा, तर त्याच्यावर बलं कुठली? उत्तर एकच, गुरुत्वाकर्षण. बहुतेकांनी वर जाणारा बाणही काढला आणि बाजूला लिहिलं 'हाताचं बल', आणि हीच पोरं गतीच्या समीकरणांची गणितं धडाधड सोडवणारी. एका मुलीला विचारलं तर म्हणाली, "सर, बलच नाही तर तो वर जाईल कसा?" यात आळस कुठंय, पक्का विचार आहे तो, फक्त न्यूटनचा नाही. प्राध्यापक म्हणाले, पोरं अभ्यास करत नाहीत. अहो, अमेरिकेत जॉन क्लेमेंटने १९८२ साली इंजिनिअरिंगच्या मुलांना नाणं उडवून हेच विचारलं, तिथंही हाच बाण! आणि १९९८ मध्ये रिचर्ड हेकने ६ हजारांवर विद्यार्थ्यांच्या चाचण्या तपासल्या, तर नुसतं लेक्चर ऐकणाऱ्यांपेक्षा वर्गात बोलत, करून बघत शिकलेल्यांची प्रगती सरासरी दुप्पट निघाली. मुलाच्या डोक्यात काय चाललंय ते काढायचं, त्यावर शिकवणं बेतायचं आणि फरक पडला का ते मोजायचं, हे संशोधन नाही तर काय आहे? आणि फिजिक्स कच्चं असेल तर त्या मुलीचं उत्तर ऐकूनही तुम्हाला काही कळणार नाही.

हां, नोकऱ्या कमी आहेत. फिजिक्स डिपार्टमेंट म्हणतं ही फिजिक्सची पीएचडी नाही, बी.एड. कॉलेज म्हणतं एम.एड. कुठंय. म्हणून फिजिक्समधून नेट-सेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, आत्ताच काढून ठेवा. आणि फॉर्म भरायच्या आधी एखाद्या शाळेत नववीच्या पोरांना हा चेंडूचा प्रश्न देऊन तासभर त्यांचं ऐकून घ्या, कंटाळा आला तर या लाइनला येऊ नका.