स्लोवाकियाची राजधानी ब्राटिस्लाव्हा देशाच्या एकदम कडेला का आहे?

नकाशा बघून हा प्रश्न पडणारच. मी व्हिएन्नात राहतो, इथून ट्रेनने तासाभरात ब्राटिस्लाव्हा येतं, शहराच्या हद्दीला एकीकडे ऑस्ट्रिया चिकटलेला नि दुसरीकडे हंगेरी, आणि देश मात्र पूर्वेला ४०० किमीच्या वर पसरलाय.

तर झालंय असं की हे शहर वाढलं तेव्हा तिथे आजची सीमा नव्हतीच. कार्पेथियन डोंगरांची शेवटची सोंड डॅन्यूबपाशी येऊन संपते, नदी पार करायला सोयीची जागा, म्हणून टेकडीवर किल्ला. १५२६ ला मोहाचच्या लढाईत तुर्कांनी हंगेरीचा पार धुव्वा उडवला, १५४१ ला बुडासुद्धा घेतलं, मग हंगेरीचा कारभार इथे आला कारण तुर्क लांब आणि राजाचं व्हिएन्ना हाकेच्या अंतरावर. १५६३ ते १८३० हंगेरीचे राज्याभिषेक इथल्या सेंट मार्टिन चर्चमध्ये व्हायचे, राणी मारिया थेरेसाचाही १७४१ ला तिथेच. चर्चच्या मनोऱ्यावर अगदी टोकाला उशीवर ठेवलेला सोनेरी मुकुट आहे, मुद्दाम मान वर करून बघा नाहीतर सुटतो.

आणि गंमत म्हणजे १९१० च्या जनगणनेत शहरात जर्मन आणि हंगेरियन बोलणारेच जास्त, स्लोवाक जेमतेम १५ टक्के! पण १९१८ ला ऑस्ट्रिया-हंगेरीचं साम्राज्य मोडलं आणि नव्या चेकोस्लोव्हाकियाला डॅन्यूबवर बंदर हवंच होतं, म्हणून १९१९ च्या सुरुवातीला त्यांच्या फौजांनी शहर ताब्यात घेतलं. सीमा आली ती तेव्हा. १९३८ ला तर हिटलरने नदीपलीकडचं पेत्रझाल्का गिळलं, म्हणजे किल्ल्यावरून समोर बघितलं की थेट जर्मनी. ते १९४५ ला परत मिळालं, आणि १९४७ च्या पॅरिस तहात हंगेरीकडून दक्षिणेची तीन गावंही मिळाली.

मला सगळ्यात जास्त खटकतो तो १९७२ चा एसएनपी (स्लोवाक राष्ट्रीय उठाव) पूल. दिसायला भारी, वर बशीसारखं रेस्टॉरंट वगैरे, पण त्याच्या रस्त्यासाठी जुनी ज्यू वस्ती सिनेगॉगसकट पाडली आणि हायवे त्या राज्याभिषेकाच्या चर्चला जवळपास खेटूनच नेला.

१९९३ ला चेकोस्लोव्हाकियातून देश वेगळा झाला तेव्हा राजधानी कुठे हा प्रश्नच नव्हता, सरकारी कचेऱ्या आधीपासून तिथेच. आणि २००७ ला शेंगेन, म्हणजे सीमेवर पासपोर्ट तपासणीशिवाय ये-जा, आल्यापासून कडेला असण्याचा त्रास कमी, फायदाच जास्त, कितीतरी ब्राटिस्लाव्हाकर पलीकडे ऑस्ट्रियातल्या किटझे गावात घर घेऊन रोज कामाला ब्राटिस्लाव्हात येतात.