वाचक विचारतात : पायलट, मेन, पोस्ट

प्रश्न : बीएस-४ डिझेल गाडी सव्वा लाख किलोमीटर चालली आहे. सकाळी सुरू केली की टकटक येते, इंजिन गरम झालं की बरीच कमी होते. मेकॅनिक म्हणतो, ‘पायलट बरोबर पडत नाही, चारही इंजेक्टर बदला.’ बदलावेत का? (एक वाचक, वाडी, नागपूर)

उत्तर : चारही बदलायची घाई नको. कॉमन रेल इंजिनात (दाबाच्या एकाच नळीतून, म्हणजे रेलमधून, सगळ्या इंजेक्टरना डिझेल जातं आणि ते सिलिंडरमध्ये फवारतात) एका स्ट्रोकचं डिझेल एकदम सोडत नाहीत. आधी एखाद-दोन बारीक फवारे, म्हणजे पायलट; मग मेन; गरज असेल तर पोस्ट. डिझेल सिलिंडरमध्ये पडल्यापडल्या पेटत नाही, वाफ होऊन पेटायला क्षणभर जातो. सगळं एकदम सोडलं तर तेवढ्यात ते साचतं आणि एकाच वेळी भडकतं. जुन्या डिझेल गाड्यांचा खडखडाट तो हाच. पायलट आधी पेटून सिलिंडर तापवून ठेवतो, त्यामुळे मेन आल्याबरोबर पेट घेतो.

पायलट असतो साधारण १ ते २ मिलिग्रॅमचा. लोडवर ४० मिलिग्रॅमच्या मेनमध्ये अर्धा मिलिग्रॅम कमी पडला तर कळणारही नाही. पायलटमध्ये तेवढाच कमी पडला तर पाव ते निम्मा पायलट गेला. म्हणून नोझल झिजली किंवा कार्बन धरला की आधी आवाज बदलतो, पिकअप नंतर. थंड इंजिनात डिझेल पेटायला आणखी उशीर होतो, म्हणून त्रास सकाळी जास्त.

तपासणी स्वस्तातून सुरू करा. डिझेल फिल्टर बदला, त्यातलं पाणी काढा, ग्लो प्लग (थंड सिलिंडर तापवणारे) तपासा. मग स्कॅनरवर आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) प्रत्येक सिलिंडरचं करेक्शन बघा, म्हणजे इंजिन सारखं चालावं म्हणून ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) कुणाला किती डिझेल कमी-जास्त देतोय ते. एकाचाच आकडा वेगळा असेल तर त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन (हवा दाबायची ताकद) आधी मोजा, कारण कॉम्प्रेशन कमी असलं तरी दोष इंजेक्टरवरच येतो. सोलेनॉइड (विद्युतचुंबकावर उघडणारे) इंजेक्टर असतील तर चारही रिटर्नला, म्हणजे उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या नळ्यांना, पारदर्शक बाटल्या लावून इंजिन चालवा. ज्याची बाटली बाकीच्यांपेक्षा उघड जास्त भरते, तो आतून गळतोय. पायझो (विजेवर फुगणाऱ्या स्फटिकानं उघडणाऱ्या) इंजेक्टरला ही बाटलीची पद्धत चालत नाही, त्याला रिटर्नमध्ये दाब लागतो. इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर आणि ‘फस्स फस्स’ आवाज असेल तर तांब्याचं वॉशर गेलंय. इंजेक्टर शाबूत असू शकतो.

इंजेक्टर बदललाच, तर त्याच्यावरचा कोड ईसीयूमध्ये टाकून घ्या. तोच इंजेक्टर दुसऱ्या सिलिंडरला लावला तरी कोड बदलावा लागतो. हे न केल्यानं नवा कोरा इंजेक्टरही टकटकतो आणि मग दोष भलत्यालाच लागतो.

आणि एक : जुन्या सवयीनं चालू इंजिनाची लाइन ढिली करून सिलिंडर ‘कट’ (तपासणीपुरता बंद) करू देऊ नका. रेलमध्ये आयडललाही २५० बारच्या वर दाब असतो, लोडवर १,६०० आणि पुढे. तो फवारा कातडी भेदून आत जातो. कट करायचं काम स्कॅनरवर होतं.

प्रश्न : हायवेवर जास्त आरपीएमलाही पायलट पडतो का?

उत्तर : बहुतेक इंजिनांत वरच्या आरपीएमला बंद होतो. २,००० आरपीएमला एका मिलिसेकंदात क्रँक १२ अंश फिरतो, ४,००० ला २४. दोन फवाऱ्यांमध्ये तेवढी फुरसतच उरत नाही.

प्रश्न : बीएस-६ डिझेल आहे. रोजचं चालणं धरमपेठ ते सीताबर्डी. ऑइल न टाकता डिपस्टिकवर लेव्हल वाढली आहे. असं कसं?

उत्तर : ही पोस्टची करामत. डीपीएफमधली (एक्झॉस्टची काजळी अडवणाऱ्या फिल्टरमधली) काजळी जाळायला एक्झॉस्ट ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास न्यावा लागतो. त्यासाठी पॉवर स्ट्रोक संपत आल्यावर उशिराचा पोस्ट सोडतात. त्यातलं थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतं आणि सहजी उडून जात नाही. दहा मिनिटांच्या फेऱ्यांत रीजनरेशन, म्हणजे हे काजळी जाळणं, अर्धवट राहतं, पुन्हा सुरू होतं, पुन्हा डिझेल उतरतं.

आयडल किंचित वर, फॅन जोरात आणि तापल्याचा वास, असं दिसलं तर रीजनरेशन चालू आहे, गाडी लगेच बंद करू नका. आठवड्यातून एकदा अमरावती रोडला २०-२५ मिनिटं ६०-८० च्या स्थिर वेगानं काढा. मात्र लेव्हल मॅक्सच्या वर गेलीच असेल, तर आधी ऑइल आणि फिल्टर बदला, मग हायवेला जा. वरचं थोडं काढून भागत नाही. उरलेलं ऑइल पातळच राहतं आणि बेअरिंग त्याच्याच भरवशावर असतात. बदलताना डीपीएफला चालणारं, जळल्यावर कमी राख सोडणारं लो-अ‍ॅश ऑइलच घ्या, ग्रेड मॅन्युअलमध्ये दिलेला असतो.