घोड्यावरची नात आणि रुसलेला ग्रुप

पत्र : ताई, नमस्कार. मुलगा-सून इंग्लंडला असतात. नात आठ वर्षांची आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा नाही. पाय कडक, वॉकर धरून चालते. सहा महिन्यांपासून दर शनिवारी तिला घोड्यावर बसवायला नेतात. तिथल्या माणसांच्या जॅकेटवर 'आरडीए' असं लिहिलेलं आहे. मुलाने तिचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. नात्यातल्या सगळ्यांना तिच्याबद्दल माहीत नव्हतं. आमच्या ह्यांनी तिथेच लिहिलं, "धड उभं राहता येत नाही त्या पोरीला घोड्यावर कसलं चढवता? काढ तो फोटो." सुनेने ग्रुप सोडला. तेव्हापासून ती फोनवर येत नाही. मे महिन्यात आम्ही तिकडे जाणार आहोत, तिकिटं झाली आहेत. ह्यांचं म्हणणं, एवढीच हौस असेल तर इकडे आल्यावर पाचगणीला टेबल लँडवर एक चक्कर मारून आणू, संपला विषय. मला भीती वाटते, आणि खरं सांगायचं तर आशाही वाटते. घोड्यावर बसून ती चालायला लागेल का? मी जेजुरीला नवस बोलले आहे. मुलाला हे बंद करायला सांगू का?
— नातीची आजी, सातारा

उत्तर : सप्रेम नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नका सांगू.

जॅकेटवरची ती अक्षरं म्हणजे 'रायडिंग फॉर द डिसेबल्ड असोसिएशन'. ब्रिटनमधली ही संस्था १९६९ साली उभी राहिली. गावोगावी तिचे गट आहेत आणि ते चालवणारी बहुतेक माणसं बिनपगारी, आठवड्यातले काही तास देणारी असतात. राजकन्या अ‍ॅन कित्येक वर्षं संस्थेच्या अध्यक्ष आहेत. हे यजमानांच्या कानावर जरूर घाला, राजघराण्याचं नाव निघालं की आपल्याकडे अर्धा विरोध तिथेच मावळतो.

आता भीतीबद्दल. अशा ठिकाणी मुलाला उचलून घोड्यावर टाकत नाहीत. उतार असलेला ओटा असतो. त्यावरून मूल घोड्याच्या पाठीच्या उंचीला पोचतं आणि तिथून शांतपणे मांड टाकतं. एक माणूस घोड्याच्या तोंडाशी दोरी धरून असतो. तोल कच्चा असेल तर दोन बाजूंना दोघं चालतात आणि गरज पडली की मुलाच्या मांडीवर हात ठेवतात. शिकवणारा प्रशिक्षक वेगळा. डोक्याला हेल्मेट, रिकिबी अशा की पाय आत अडकून मूल फरफटत जाऊ नये. घोडाही पारखून घेतलेला असतो, वॉकर आपटला किंवा एखादं मूल किंचाळलं तरी जागचा न हलणारा. तरी जनावर ते जनावर. "आमचा घोडा कधीच बुजत नाही" असं छातीठोक सांगणारा कुणी भेटला, तर नातीला घेऊन दुसऱ्या दारातून बाहेर पडा. घोडा बुजू शकतो हे ठाऊक असतं म्हणूनच तर एका मुलामागे इतकी माणसं राबतात.

याच्या शेजारी टेबल लँड ठेवून बघा. घोडेवाल्यांशी माझं भांडण नाही, त्यांची पोटं त्या पठारावर आहेत आणि धडधाकट पोरांना त्या चकरेत मजाही येते. पण तिथे गर्दी, आरडाओरडा, दिवसभर पळून कावलेला घोडा आणि सोबत फार तर एक पोरगा. घोडा जरा दुडका धावला की तुमची नात कुठल्या बाजूला कलेल हे कुणीच सांगू शकणार नाही, आणि सावरायला बाजूला माणूस नसेल. ज्या घोड्याला यजमान घाबरतात तो सुरक्षित आहे, आणि ज्यावर बसवायला ते तयार आहेत तोच धोक्याचा. वरातीची घोडी घरी आणून बसवू, असं कुणी सुचवलं तरी हेच उत्तर.

सेरेब्रल पाल्सीत पाय कडक असलेल्या मुलांच्या मांड्या आतल्या बाजूला ओढल्या जातात, चालताना गुडघे एकमेकांवर घासतात. रुंद पाठीवर दोन्हीकडे पाय सोडून बसलं की त्या मांड्यांना हळूहळू ताण मिळतो. घोड्याचं अंग माणसाहून किंचित गरम, साधारण ३८ अंश सेल्सियस. त्या उबेचाही थोडा हातभार लागतो. पण मोठी गोष्ट वेगळीच आहे. घोडा नुसता चालीने चालत असताना त्याची पाठ बसणाऱ्याची कंबर पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि जराशी पिळत हलवते. तुम्ही-आम्ही चालतो तेव्हा आपल्या कमरेत जवळपास हीच हालचाल होत असते. वॉकरला रेलून चालणाऱ्या मुलीच्या कमरेला ती कधी मोकळेपणी मिळत नाही. शिवाय प्रत्येक पावलागणिक तोल सावरावा लागतो, त्यात पाठीचे आणि पोटाचे स्नायू न सांगता कामाला लागतात. फिजिओने "ताठ बस" म्हटलं की मुलं तोंड वाकडं करतात. घोडा काही म्हणत नाही, करून घेतो.

ती चालायला लागेल का, असं तुम्ही विचारता. ती चालते, आजी. वॉकर धरून चालणं हेही चालणंच असतं. तुम्हाला विचारायचंय ते वॉकर सुटेल का, आणि त्याची हमी घोडा देत नाही, प्रामाणिक डॉक्टरही देणार नाही. इजा मेंदूला झालेली असते आणि ती भरून येत नाही. बसण्यातला तोल सुधारतो, मांड्यांचा ताठरपणा काही काळ सैलावतो, इतपत अभ्यासांतून दिसलं आहे, पण ते अभ्यास बहुतेक लहान गटांवरचे आहेत. मोबाइलवर दिसणाऱ्या चमत्कारांवर जाऊ नका.

हेही लक्षात असू द्या, की फिजिओथेरपिस्ट घोड्याची चाल वापरून उपचार करतात तो एक प्रकार आहे, आणि प्रशिक्षकाकडून घोडेस्वारी शिकणं हा दुसरा. शनिवारचा वर्ग बहुधा दुसऱ्या प्रकारचा असावा, म्हणून फिजिओ चालूच ठेवावा लागेल. मला स्वतःला हा दुसरा प्रकार जास्त आवडतो. त्यात मूल रुग्ण नसतं, लगाम धरून "उजवीकडे चल" म्हणणारं स्वार असतं. ज्या मुलीला दिवसभर दुसरेच इकडून तिकडे नेतात, तिला आठवड्यातून एकदा कुणालातरी आपल्या मर्जीने नेता येतं. हे कुठल्या तपासणीत मोजता येत नाही, पण मी तिची आजी असते तर एवढ्यासाठीसुद्धा शनिवार सोडला नसता.

घोडेस्वारी सगळ्यांनाच चालते असं मात्र नाही. फिट आटोक्यात नसतील, कणा फार वाकलेला असेल, हाडं ठिसूळ असतील तर डॉक्टर थांबवतात. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांची मान आधी तपासावी लागते. सेरेब्रल पाल्सीत खुब्याचा सांधा हळूहळू निसटू शकतो, त्यावर एक्स-रेने लक्ष ठेवतात. तुम्हाला काही विचारायचंच असेल तर खुब्याची तपासणी वेळेवर होते का एवढं मुलाला विचारा. तेही आजीच्या सुरात, पोलिसांच्या नाही.

"धड उभं राहता येत नाही" या वाक्यावर यजमानांना डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांची गोष्ट सांगा. १९४४ साली, गरोदर असताना, त्यांना पोलिओ झाला. गुडघ्यांखाली पाय कायमचे लुळे पडले, घोड्यावर चढाउतरायला दुसऱ्याची मदत लागायची. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज या प्रकारात (यात स्वार घोड्याकडून ठरावीक चाली सफाईने करून घेतो), पुरुषांच्या बरोबरीने उतरून, त्यांनी रौप्यपदक मिळवलं. पदक घ्यायला चौथऱ्यावर चढताना सुवर्णपदक जिंकलेल्या स्वीडिश स्वाराने त्यांना हात दिला. चार वर्षांनी पुन्हा रौप्य. अपंगांसाठी घोडेस्वारीची जी चळवळ पुढे युरोपभर पसरली तिला या बाईंमुळे मोठं बळ मिळालं. त्याही धड उभ्या राहू शकत नव्हत्या.

तुमच्या पत्रातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य तुम्ही घाईघाईत लिहून पुढे गेलात : नात्यातल्या सगळ्यांना तिच्याबद्दल माहीत नव्हतं. आठ वर्षं! यजमान घोड्यावर चिडलेले नाहीत. झाकलेलं उघडं पडलं म्हणून चिडलेत, आणि तुमच्या सुनेला ते बरोबर कळलं. घोड्यावरून पडण्याची काळजी वाटणारा माणूस "जपून रे" लिहितो, "फोटो काढ" लिहीत नाही. तिने लेकीचा फोटो अभिमानाने पाहिला असेल आणि सासऱ्यांनी तो चारचौघांत लाजेचा करून टाकला. त्या दिवशी ग्रुपवर तुम्ही काय लिहिलंत? पत्रात त्याचा उल्लेख नाही, म्हणून विचारते.

तेव्हा मध्यस्थी करू नका, मुलाकरवी निरोप पाठवू नका. यजमानांनी स्वतः, त्याच ग्रुपवर, दोन ओळी लिहाव्यात : माझं चुकलं, फोटो परत टाक. सुनेला वेगळा फोन करून तिची माफी मागावी, पण ग्रुपवरच्या ओळी चुकवून नव्हे. माफी खासगीत उरकायची होती तर अपमानही खासगीत करायला हवा होता. ते ऐकणार नाहीत असं तुम्ही म्हणाल. मग तुम्ही लिहा, तुमच्या नावाने. ग्रुपवर तुम्हीही आहात.

नवसाचं म्हणाल तर खंडोबा स्वतः घोड्यावर बसतो, घोडेस्वारीविरुद्धची तक्रार त्याच्या दारी चालायची नाही. वॉकर सुटण्याची वाट न बघता नात इकडे आली की तिला दर्शनाला न्या. जेजुरीच्या पायऱ्यांची चिंता नको. तिथे नवरदेव नवरीला उचलून पायऱ्या चढतात, बाप लेकीला सहज नेईल. आणि भेटेल त्या नातेवाइकाला सांगा, ही आमची नात.

मे महिन्यात शनिवारी तिच्याबरोबर जाच. कठड्याशी उभं राहून "सांभाळ गं बाई" ओरडायचं नाही. तिचं लक्ष तुमच्याकडे गेलं की तोल जातो. यजमानांना बाजूला चालायची हुक्की आली तर त्याला आधी प्रशिक्षण लागतं, पाहुण्याला लगेच घेत नाहीत. घोड्याला गाजर द्यायचं असेल तर तिथल्या माणसांना विचारून, उघड्या सपाट तळहातावर ठेवून द्या. बोटांत धरलंत तर घोडा बोटं आणि गाजर यांत फार फरक करत नाही.