पद्मिनीचं सस्पेन्शन: आधी रबर, मग स्प्रिंग

वळणावर प्रीमियर पद्मिनी (जुनी फियाट गाडी) झुकते म्हणून लगेच कडक स्प्रिंग मागवू नका. आधी टायरवरचा चार अंकी कोड वाचा: पहिले दोन अंक आठवडा, पुढचे दोन वर्ष. टायर जुने होऊन कडक झाले असतील तर बाकी खर्च वाया.

पद्मिनीत पुढे विशबोन (चाक धरणारे त्रिकोणी हात) आणि कॉइल स्प्रिंग, मागे पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग). ढिलेपणा बहुतेक वेळा बुशमधून, म्हणजे सांध्यांतल्या रबरी नळ्यांमधून येतो. विशबोनला रबरच ठेवा. पॉलियुरेथेन (रबरापेक्षा कडक प्लास्टिक) घालायचंच तर अँटी-रोल बारला, म्हणजे वळणावरचं झुकणं कमी करणाऱ्या दांड्याला, नाहीतर प्रत्येक खड्डा स्टिअरिंगवर कळेल. नवे बुश बसवताना बोल्ट हातानेच लावा, गाडी चाकांवर उतरवा, मगच आवळा. जॅकवर असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. गॅरेजमध्ये हे उभं राहून करून घ्या, घाईत हमखास चुकतं.

गोव्यात किनाऱ्याजवळ, म्हणजे कळंगुट किंवा कोलव्याकडे, खारी हवा पाट्यांमध्ये गंज धरवते. पाटे एकमेकांवर सरकत नाहीत, मागची बाजू आदळते, आणि दोष शॉकअपवर (शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर) जातो. पाटे सुटे करा, तारेच्या ब्रशने घासा, ग्राफाइट ग्रीस लावा. पाटे ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट नवेच घाला, पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळा.

यानंतर शॉकअप, तेही जोडीनेच. कॉइल कापून गाडी खाली बसवू नका: स्प्रिंग कडक होते, हालायला जागा उरत नाही, आणि गावातले गतिरोधक सायलेन्सर खरवडतात. गोवा-बेळगाव रस्त्यावरच्या चोर्ला घाटात तर खड्डा लागला की चाक रस्त्यावरून उचललं जाऊन पकड सुटेल.

शेवटी अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, नेहमीचं वजन गाडीत ठेवून.